रे रोड ते महाकाली: माद्रींच्या मागोमाग

रे रोडला उतरलात की पूर्वेच्या अंगाने बाहेर पडा. हार्बरच्या गाडीतून इथे उतरणारे थोडेच, त्यामुळे धक्काबुक्की नाही. समोर दारुखाना: फोडलेल्या जहाजांचे पत्रे, जाडजूड साखळ्या, गॅस कटरचा जळका वास. पलीकडे लाकडाच्या वखारी, गोदामं, ट्रकांच्या रांगा. डोक्यावर केबलांनी तोललेला नवा पूल. जमीन बहुतेक पोर्ट ट्रस्टची. माल उतरवायचा, साठवायचा आणि पुढे धाडायचा, एवढ्यासाठीच हा पट्टा आखला गेला. माल वाहणारी माणसं आजारी पडली तर कुठे जातील, हा प्रश्न आखणीत कुणाला पडलेला दिसत नाही. आज आपण त्याच प्रश्नाच्या मागे जाणार आहोत, आणि त्यासाठी पांढऱ्या झग्यातल्या काही बायकांच्या मागे चालावं लागणार आहे.

आता मनातल्या मनात पूल काढून टाका. रूळही उचला, हे स्टेशन 12 डिसेंबर 1910 ला सुरू झालं आणि आपल्याला त्याच्याही तेरा वर्षं मागे जायचंय. रस्ता मात्र राहू द्या. ज्याच्या नावाचा तो आहे, तो गव्हर्नर लॉर्ड रे 1890 मध्येच विलायतेला परत गेलाय.

मार्च 1897. तुम्ही आता विशीतले आहात, रत्नागिरीकडून आलेले, माझगावच्या बंदरावर गोणी वाहणारे. एका खोलीत नऊ जण झोपता. परवा वळचणीतून एक उंदीर खाली पडला आणि तिथेच मेला. आज तुमच्या जांघेत गाठ आहे, डोळे लाल झालेत, जीभ जड पडलीय. वर्तमानपत्रं या रोगाला ग्रंथिक सन्निपात म्हणतात. खोलीतले भाऊबंद नाव घेत नाहीत. ते तुम्हाला गोधडीत गुंडाळून कोपऱ्यात ढकलतात आणि पुढे गोणपाट रचतात.

ते असं का करतात, ते तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. सहा महिन्यांपूर्वी, 23 सप्टेंबरला, मांडवीत डॉ. अकासियु व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरने हा प्लेग असल्याचं सांगितलं. ऑक्टोबरमध्ये आर्थर रोडच्या इस्पितळावर गिरणी कामगारांनी हल्ला केला, कारण आत गेलेला माणूस बाहेर येत नाही. राणीच्या पुतळ्याला कुणी डांबर फासलं, तेव्हा बाजारात बोलवा उठली की राणीने सूड म्हणून रोग्यांची काळजं मागवलीत. इस्पितळात माणसाला उलटा टांगून त्याच्या अंगातलं तेल, म्हणजे ममियाई, काढतात, असंही तुमच्या खोलीतल्या म्हाताऱ्याने शपथेवर सांगितलंय. फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा आला. आता ब्रिगेडियर-जनरल गॅटेकर यांची प्लेग कमिटी आलीय, आणि तिच्याबरोबर सोजीर.

दार उघडतं. गोणपाटं बाजूला होतात. एक गोरा डॉक्टर काठीने गोधडी उचलतो. मग भिंतीवर चुना, जमिनीवर कार्बोलिक, छपराची कौलं काढून ऊन आत. दारावर इंग्रजी तीन अक्षरं रंगवतात. त्यांचा अर्थ, हे घर राहण्यालायक नाही. तुम्हाला ती वाचता येत नाहीत. तुम्ही डोलीत आहात.

डोली भायखळ्याच्या तुरुंगापाशी वळते. आतल्या काही कैद्यांनी जानेवारीच्या शेवटी हाफकिन नावाच्या रशियन ज्यूची लस स्वखुशीने टोचून घेतलीय. त्याने ती आधी स्वतःला टोचली होती, 10 जानेवारीला. तुमच्या उपयोगाची ती आता नाही. लस आजार होण्याआधी घ्यायची असते.

तात्पुरतं इस्पितळ म्हणजे ताट्यांच्या भिंतींची लांब शेड. आत वीसेक खाटा. कार्बोलिक इतकं की डोळे चुरचुरतात. आणि तिथे त्या बायका आहेत. पायघोळ झगे, डोक्यावरून खांद्यापर्यंत वस्त्र, गळ्यात क्रूस. शेजारच्या खाटेवरचा गोवेकर खलाशी त्यांना पाहून हात जोडतो आणि पुटपुटतो, "माद्री आयल्यात." माद्री म्हणजे नन. त्यांतली एक तुमच्याकडे येते. तुम्ही घाबरता. ममियाई काढायला हिलाच नेमली असणार.

तिच्या हातात दुधाची वाटी आहे. ती मोडक्या हिंदुस्थानीत काहीतरी बोलते. तुम्ही तोंड फिरवता. तुमच्या गावात हिच्या हातचं पाणी घेतलं तर पंगतीत बसू देणार नाहीत, हे तापातही तुम्हाला आठवतंय. ती वाद घालत नाही. वाटी खाली ठेवते, तुमच्याकडच्या आचाऱ्याला बोलावते आणि तो तुम्हाला पाजेपर्यंत बाजूला उभी राहते. पुढचे चार दिवस हाच क्रम. पाचव्या दिवशी तुम्ही वाटी तिच्याच हातातून घेता. हे कुणाला सांगायचं नाही, असं मनाशी ठरवता.

या बायकांकडे औषध काय आहे? जवळजवळ काहीच नाही. ब्रँडी, डोक्यावर बर्फ, गाठीवर पोटीस, अंग पुसणं, चादर बदलणं, भ्रमात उठून पळणाऱ्याला धरून ठेवणं. रोग उंदरावरच्या पिसवेतून येतो, हे पॉल-लुई सिमाँ कराचीत पुढच्या वर्षी दाखवील. तोवर सगळं शहर फरशीवर कार्बोलिक ओततंय आणि पिसवा खुशाल फिरताहेत. शेडमधल्या डॉक्टरला माहीत नाही ते सिस्टरलाही माहीत नाही. पण रात्री दोन वाजता खाटेशी कोण असतं, यात फरक आहे. ही शुश्रूषा करणारी माणसंही मरताहेत. जे.जे.तले सर्जन-मेजर मॅन्सर जानेवारीत प्लेगनेच गेले.

त्या कोण आहेत, ते तुमच्या ऐवजी मी सांगतो, कारण तुम्ही तापात आहात. वांद्र्याच्या कॉन्व्हेंटातून आलेल्या या 'फिय् द ला क्र्वा', म्हणजे क्रूसाच्या कन्या. बेल्जियममधल्या लिएज शहरात झान हाझ नावाच्या बाईने 1833 मध्ये हा संघ काढला: गरिबांच्या मुली शिकवायच्या, आजाऱ्यांची सेवा करायची, तुरुंगातल्या बायकांची देखभाल करायची. 1860 च्या दशकात त्या कराचीला आणि वांद्र्याला आल्या. मुंबईत त्यांची ओळख शाळा आणि अनाथाश्रमाची. प्लेग आला, सरकारला शुश्रूषेला माणसं मिळेनात, तेव्हा शाळा चालवणाऱ्या या बायका शेडमध्ये आल्या. शेड सरकारची, डॉक्टर सरकारचा, औषध सरकारचं. त्यांची फक्त रात्र.

मुंबईतल्या कॅथलिक सिस्टरांच्या इस्पितळाची सुरुवात कुठून धरायची, असं विचाराल तर मी कोनशिला शोधणार नाही. ती या शेडपासून धरीन. आधी त्यांनी दुसऱ्यांच्या इस्पितळात काम केलं. स्वतःची भिंत पुष्कळ नंतर उभी राहिली. त्यांच्या आधी जे.जे.मध्ये अँग्लिकन पंथाच्या ऑल सेंट्स सिस्टर्सनीही हेच केलं होतं. परक्याच्या वॉर्डात, पगारापेक्षा व्रताच्या जोरावर. सरकारला हे स्वस्तात पडत होतं, हेही सांगून टाकू.

तुमची गाठ फुटते. पू वाहतो, ताप उतरतो. ज्यांची गाठ फुटते त्यांना आशा असते. तुम्ही वाचता. शेजारचा खलाशी वाचत नाही. बाहेर पडता तेव्हा तुमचे कपडे जाळलेले, खोली बिनछपराची, भाऊबंद कधीच बोटीने कोकणात गेलेले. निम्मं शहर असं निघून गेलंय. 1891 च्या शिरगणतीत मुंबईत 8,21,764 माणसं होती. 1901 मध्ये 7,76,006 भरतील. त्या काळात वाढत जाणारं हे शहर दहा वर्षांत आकसलं, यावरून काय झालं असेल त्याचा अंदाज करा.

आता पुढे. 1925. रे रोडवर रूळ आहेत आणि त्यांच्यावर तारा. 3 फेब्रुवारीला व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला देशातली पहिली विजेची गाडी याच मार्गाने गेलीय. रुळांच्या पश्चिमेला माझगाव चढा. जुनं ग्लोरिया चर्च शोधू नका; 1632 चं ते चर्च 1911 मध्ये पाडलं आणि नवं भायखळ्याला उभं राहिलं. तुम्हाला माथारपाखाडीत जायचंय. लाकडी घरं, बाहेरून जिने, कौलारू पडव्या, मधोमध क्रूस. इथलेच काका बॅप्टिस्टा, टिळकांचे स्नेही, यंदा मुंबई महापालिकेचे अध्यक्ष आहेत आणि पाखाडीला त्याचा केवढा तोरा.

या वेळी तुम्ही बावीस वर्षांची सून आहात. पहिलं बाळंतपण. काल संध्याकाळपासून कळा. सुईण आत आहे. तिचे हात उबदार आणि बोलणं तिखट. "जोर कर गो, रडून काय होतंय?" बाळ आडवं आहे, हे तिला मध्यरात्रीच कळलंय, पण ती सासूला सांगत नाही.

सासूच्या ओळखीच्या एक सिस्टर सकाळी येतात. ओट्यावर बसतात, रोझरी हातात घेतात आणि प्रार्थना म्हणायला लागतात. तुम्हाला त्यांचा आवाज ऐकू येतो. याच बाईने मागल्या पावसाळ्यात नवऱ्याचा विषमज्वर काढला होता. तिला नाडी कळते, ताप कळतो, हात स्वच्छ ठेवायचे कळतात. तुम्ही ओरडून म्हणता, "तिला आत बोलवा." सासू दारात उभी राहून म्हणते, "त्यांना चालत नाय गो."

खरंच चालत नाही. रोमच्या नियमांत व्रतस्थ स्त्रियांना बाळंतपणाची सेवा मना आहे. डॉक्टरकी करणं तर दूरच. ब्रह्मचर्याचं व्रत घेतलेल्या बाईने प्रसूतीच्या खोलीत असू नये, असा तो विचार. मला यात एक गोष्ट फार खुपते. याच मुंबईच्या रखमाबाईंनी लग्नाचा खटला लढला, त्या लंडनला शिकून 1894 मध्ये डॉक्टर झाल्या आणि सुरतेत, मग राजकोटला त्यांनी बायकांची बाळंतपणं केली. पेस्तनजी कामांनी दिलेल्या पैशातून बायकांसाठी इस्पितळ उघडून चाळीस वर्षं होत आली. हिंदू घरातून निघालेली बाई, पारशाचं दान, विलायतेहून आलेल्या डॉक्टरिणी हे सगळं शहराने स्वीकारलं, आणि ज्या बाईने आजाऱ्यासाठी जन्म वाहून टाकलाय ती मात्र ओट्यावर.

शेवटी नवरा घोडागाडी आणतो आणि तुम्हाला कामा इस्पितळात नेतात. गाडीच्या प्रत्येक हिसक्याला तुम्ही त्या सिस्टरला शिव्या देता. तिचा दोष नाही, हे तुम्हाला पुढे कधीतरी कळेल. मुलगा होतो. जगतो.

त्याच वर्षाच्या 30 सप्टेंबरला, या घोडागाडीपासून हजारो मैलांवर, वॉशिंग्टनमध्ये एक ऑस्ट्रियन डॉक्टर, ॲना डेंगल, एक छोटी संस्था काढते. तिची कथा आपल्याकडूनच सुरू होते. ॲग्नेस मॅक्लॅरन या स्कॉटिश डॉक्टरने 1909 मध्ये तेव्हाच्या हिंदुस्थानातल्या रावळपिंडीत बायकांसाठी इस्पितळ उघडलं होतं, कारण पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरला हात लावू देत नव्हत्या आणि बाळंतपणात मरत होत्या. बाई डॉक्टर हवी, आणि ती कायम राहणारी हवी, म्हणून नन्सना वैद्यकी शिकू द्या, असा अर्ज मॅक्लॅरनबाई रोमला पुनःपुन्हा करत राहिल्या. 1913 मध्ये त्या वारल्या. डेंगल 1920 मध्ये रावळपिंडीला आली, तिने तेच पाहिलं आणि तोच हट्ट पुढे चालवला. तिकडे गुंटूरला मेरी ग्लाउरी ही ऑस्ट्रेलियन डॉक्टर पोपच्या खास परवानगीने नन असूनही वैद्यकी करत होती. म्हणजे नियम मोडता येतो, हे रोमलाही माहीत होतं.

11 फेब्रुवारी 1936 ला रोमने नियम बदलला. व्रतस्थ स्त्रियांना डॉक्टर होण्याची आणि सुईणपण करण्याची मुभा मिळाली, इतकंच नव्हे, मिशनच्या मुलखात त्यांनी ते करावं असं सांगितलं गेलं. सुरुवात त्या शेडपासून धरली, तरी माझ्या मते भारतातल्या सिस्टरांच्या स्वतःच्या इस्पितळांची खरी जन्मतारीख ही. कारण आपल्या शहरांत खासगी इस्पितळ उभं राहतं आणि टिकतं ते मुख्यतः बाळंतपणांवर. घरातली पहिली खेप बाळंतपणाची असते. ती बरी गेली की ते घर पुढची पन्नास वर्षं त्याच दारात येतं. तेच दार बंद होतं, तोवर सिस्टर दुसऱ्याच्या वॉर्डात नोकरी करणार किंवा दवाखाना चालवणार. ग्लाउरीने 1943 मध्ये देशातल्या कॅथलिक इस्पितळांची संघटना बांधली, तेव्हा बांधायला पुरेशी इस्पितळं जमू लागली होती.

मध्येच एक दिवस थांबावं लागेल. 14 एप्रिल 1944, दुपारचे चार वाजून सहा मिनिटं. तुम्ही रे रोडच्या एका वखारीत ओंडके मोजत आहात. जमीन हलते. दक्षिणेला, व्हिक्टोरिया गोदीत, 'फोर्ट स्टिकिन' बोट फुटलीय. पोटात सुमारे 1,400 टन स्फोटकं, कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटा. अर्ध्या तासाने दुसरा स्फोट. पेटलेला कापूस आभाळातून पडतोय आणि तुम्ही लाकडाच्या वखारीत उभे आहात, तेव्हा काय करायचं ते कुणी सांगावं लागत नाही. तुम्ही पळता. वाटेत ज्यांना उचलता त्यांना हातगाडीवर घालून जे.जे.कडे नेता. जी.टी., सेंट जॉर्जेस, जिथे जागा मिळेल तिथे. सगळी सरकारी. या पट्ट्याच्या आसपास खासगी म्हणावीत तर डॉ. मसिनांचं भायखळ्याचं इस्पितळ 1902 पासून होतं, आणि पुढच्याच वर्षी, 1945 मध्ये, माझगावला इस्माइली समाजाचं प्रिन्स अली खान उघडणार होतं. पारशांचं झालं, खोजांचं झालं. माझगाव तर मुंबईतल्या सर्वांत जुन्या ख्रिस्ती वस्त्यांपैकी एक. रोझरी चर्च आहे, सेंट ॲन्स आहे, गोवेकरांचे कूड, म्हणजे गाववाल्यांच्या मुक्कामाच्या जागा, आहेत. सिस्टरांनी मात्र आपली मोठी इस्पितळं उपनगरांत बांधली.

का, ते नकाशा पाहिला की समजतं. गोदीलगतची जमीन पोर्ट ट्रस्टची, ती भाडेपट्ट्याने मिळणार आणि मिळणार ती मालासाठी. कूडात राहणारा खलाशी वर्षातले दहा महिने समुद्रावर, त्याची बायको गोव्यात, बाळंतपणं तिकडे. ईस्ट इंडियन, म्हणजे इथली मूळची ख्रिस्ती, आणि गोवेकर कुटुंबं वांद्रे, अंधेरी, वसईकडे सरकत होती. चर्चच्या जमिनी तिकडे होत्या, कॉन्व्हेंटं तिकडे होती, फी देऊ शकणारा मध्यमवर्गही तिकडे. नन्सनी दारिद्र्याचं व्रत घेतलेलं असतं, इस्पितळाने घेतलेलं नसतं. ऑक्सिजनचं बिल त्यालाही येतं.

म्हणून आता अंधेरीला चला. 1970 चं दशक, महाकाली लेण्यांचा रस्ता. होली स्पिरिट हॉस्पिटल 1967 मध्ये सुरू झालंय. ते काढणाऱ्या सिस्टरांचा संघ हॉलंडमधल्या श्टाइल गावी 1889 मध्ये स्थापन झाला. स्थापणारे जर्मन धर्मगुरू आर्नोल्ड यानसेन. आसपास अजून शेतं आहेत, पण मरोळच्या औद्योगिक वसाहतीची धुरांडी वर येताहेत आणि तुम्ही तिथल्याच एका कारखान्यात फिटर आहात. बायको आत आहे. तुम्ही बाकावर. रात्रपाळीचे कपडे अंगावर, हाताला ग्रीस.

तुम्ही धर्माने हिंदू, भिंतीवर क्रूस. आई घरून निघताना म्हणाली होती, "तिकडे आपल्याला बाटवतील." शेजारीण म्हणाली होती, "बाटवत नाहीत हो, फक्त भेटीच्या वेळेला आवाज केला तर हाकलतात." शेजारणीचं खरं निघालं. एक सिस्टर दोनदा येऊन तुम्हाला बिडी विझवायला सांगून गेलीय. फिनेलचा वास इतका की बिडीची चव लागत नाही.

दार उघडतं. झग्यावर एप्रन बांधलेली, घामाघूम झालेली तीच सिस्टर बाहेर येते. "मुलगी. दोघी बऱ्या आहेत. वजन चांगलं आहे. आता घरी जा, झोपा, आणि उद्या हात धुऊन या." तुम्हाला यात नवल वाटत नाही. नन बाळंतपण करते, त्यात काय? माथारपाखाडीतली ती सून तुमच्या शेजारी बाकावर बसलेली असती तर तिने मात्र त्या दाराकडे पुष्कळ वेळ पाहिलं असतं.

बिल येतं. कूपरला नेलं असतं तर एवढं झालं नसतं, हे तुम्हाला ठाऊक आहे, ते महापालिकेचं. तरी तुम्ही फंडातून उचल घेता आणि भरता, कारण इथे खाट मिळाली, चादर स्वच्छ होती आणि रात्री कुणीतरी फेरी मारत होतं. मुंबईतल्या मराठी घरांनी सिस्टरांच्या इस्पितळाशी केलेला व्यवहार असा आहे. भक्तीने कुणी गेलं नाही. शिस्तीसाठी आणि स्वच्छतेसाठी गेले, थोडे जास्त पैसे मोजून.

आता आजच्या तारखेला या. वांद्र्याच्या सेंट अँड्र्यूज रोडवर होली फॅमिली आहे. उर्सुलाइन सिस्टर्स ते चालवतात. तळोजा तुरुंगातून उच्च न्यायालयाच्या आदेशावरून आणलेले चौऱ्याऐंशी वर्षांचे जेझुइट फादर स्टॅन स्वामी 5 जुलै 2021 ला इथेच वारले. प्लेगच्या लशीसाठी दंड पुढे करणाऱ्या भायखळ्याच्या कैद्यांपासून या बंद्यापर्यंत तुरुंग आणि इस्पितळ एकमेकांना सोडत नाहीत. होली स्पिरिटच्या रस्त्यावर शेत उरलेलं नाही. झग्यातल्या सिस्टर कमी दिसतात. व्रत घेणाऱ्या मुली कमी झाल्या, त्यामुळे बहुतेक काम पगारी नर्स करतात आणि ते योग्यच आहे; फुकटच्या रात्रीवर कुठलंही इस्पितळ कायम चालू नये. पण त्या फुकटच्या रात्रींमुळे एके काळी जे दर कमी ठेवता येत, ते आता ठेवता येत नाहीत. कॉर्पोरेट इस्पितळांच्या शेजारी उभं राहायचं तर तीच यंत्रं घ्यावी लागतात.

मग रे रोडवरच्या माणसाचं काय? भायखळ्याच्या सांकली स्ट्रीटवर मदर तेरेसांच्या सिस्टरांचं आशा दान 1976 पासून आहे, हिंदुस्थान लिव्हरने दिलेल्या जागेत. टाकून दिलेली मुलं, निराधार, एचआयव्हीचे रुग्ण तिथे सांभाळले जातात. तो आश्रम आहे, शस्त्रक्रियेचं इस्पितळ नाही. दारुखान्यात पत्रा कापताना पाय गेला तर आजही जे.जे.च. 1897 मध्ये इथल्या हमालाला सोजीर लावून इस्पितळात न्यावं लागत होतं; आज त्याचा पणतू खासगी इस्पितळाच्या डिपॉझिटच्या खिडकीपाशी थांबतो आणि परत फिरतो. सिस्टरांनी परक्यांच्या इस्पितळात जाऊन जे कमावलं, ते स्वतःच्या इस्पितळात गरिबाला आणून टिकवायचं होतं. ते पुरतं जमलेलं नाही, असंच मी म्हणेन. इतर ट्रस्टांना तरी कुठे जमलंय?

एक वाट कायद्याने ठेवलीय आणि ती फार थोड्यांना माहीत आहे. सार्वजनिक न्यास कायद्याच्या 41 एए कलमाखाली, मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार, धर्मादाय ट्रस्टच्या इस्पितळाने 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. एकूण बिलाच्या 2 टक्के रक्कम त्यासाठी वेगळ्या निधीत टाकायची असते. तातडीच्या वेळी रुग्णाला आधी दाखल करून घ्यायचं असतं आणि अशा रुग्णाकडे डिपॉझिट मागायचं नसतं. हे माद्रींच्या इस्पितळालाही लागू आणि शेठजींच्या इस्पितळालाही.

तेव्हा कुणाला घेऊन जायची वेळ आली तर रेशनकार्ड किंवा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला बरोबर ठेवा, काउंटरवर न थांबता समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा आणि धर्मादाय कोट्यातली खाट मागा. नाही म्हणाले तर ते लेखी मागा. वरळीला ॲनी बेझंट रोडवर धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आहे. तक्रार तिथे घेतात.